रागिणी मेहरेच्या नावाचा करंडक

मी एक जुना करंडक आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडका आहे. जन्माला आलो तेव्हा नव्हतो. माझ्या अंगावर पितळी मुलामा आहे, खाली काळा रंग दिलेली लाकडी बैठक आहे आणि डोक्यावर एक इवलीशी बाहुली आहे, एक पाय हवेत उचलून लाथ मारणारी. ही लाथ नेमकी कुणाला बसायला हवी होती, याचा विचार करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. ऐका, म्हणजे तुम्हालाही दोन-चार नावं सुचतील.

माझा जन्म अमरावतीला, राजापेठेत झाला. शिकवणी वर्गांच्या पाट्या आणि दुचाकींची गर्दी ओलांडून एका बोळात शिरलं की जीवनचं दुकान लागतं. जीवन करंडक, ढाली, दारावरच्या नावाच्या पाट्या बनवतो. त्याच्या दुकानात आम्ही पुष्कळ जण रांगेत उभे असायचो आणि प्रत्येकाला एकच काळजी असायची, आपल्यावर कुणाचं नाव येतं? कुणाला क्रिकेटवाला भेटे, कुणाला रांगोळीवाली. ज्याच्यावर नाव पडलं तो करंडक त्या माणसाचा झाला, असं आम्हाला वाटे. अहो, कोवळं वय होतं!

एके दिवशी सूर्यभान सर आले. जिल्ह्यातल्या कराटे संघटनेचे ते सचिव. वर्षातून एकदा उत्तम खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा सत्कार करायचा, ही त्यांचीच कल्पना. माणूस वाईट नाही. पण मोठ्या माणसासमोर त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही, आणि माझ्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ तिथेच आहे.

जीवनने मशीन लावून माझ्या पट्टीवर अक्षरं कोरली. ‘उत्कृष्ट प्रशिक्षक, रागिणी मेहरे, भातकुली’. खाली साल.

“ह्या मेहरे मॅडम कोन हो सर?” त्याने फुंकर मारून चुरा उडवत विचारलं.

“भातकुलीच्या हायेत. भाजीवाल्या मेहऱ्याईची सून. बजाराच्या ओट्यावर पोट्टीईले कराटे शिकवते बाई. तिची आकांक्षा नावाची पोट्टी अकोल्याले राज्य स्पर्धेत पहिली आली न! पह्यल्यांदाच नाव निघालं बिचारीचं.”

“मंग अक्षर जरा मोठं घेतो,” जीवन म्हणाला, आणि खरंच त्याने माझ्यावरचं नाव इतरांपेक्षा ठसठशीत कोरलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! या रागिणीबाईंबद्दल मला नंतर जे जे कळलं, ते इथेच सांगून टाकतो. सकाळी मळ्यात वांगी-मेथी तोडायची, दुपारी भाजी निवडून जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी पांढरा गणवेश चढवून आठवडी बाजाराच्या ओट्यावर उभं राहायचं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर सडकी पानं, देठं, टमाट्याचा चिखल असे. मुली आधी झाडू मारत, पाणी टाकत, मग रांगेत उभ्या राहत. त्या वेळात भाजीचं दुकान सांभाळायला त्यांची सासू, गोदाबाई. गोदाबाई दिवसभर कुरकुरायची. “लाथा मारून काय पोळ्या भाजता येतेत काय?” असं गिऱ्हाइकांना ऐकवायची. पण संध्याकाळ झाली की सुनेच्या हातातला तराजू स्वतःच ओढून घ्यायची.

आता खरी अडचण ऐका. बाजाराचे ओटे पाडून तिथे गाळे बांधायचं ठरलं होतं. मुलींनी जायचं कुठे? गावातल्या एका शाळेला सभागृह आहे, संध्याकाळी ते रिकामंच पडून असतं. रागिणीबाई शाळा समितीच्या अध्यक्षांकडे, पुंजारामजींकडे गेल्या. पुंजारामजी म्हणाले, “मॅडम, उद्या कोनीही येऊन मले हॉल मागन. तुमी कोन, हे समितीले दिसाले पायजे. काही सत्कार-बित्कार झाला असंन तं दाखवा, मंग किल्ली घेऊन जा.” म्हणजे मित्रांनो, मी नुसता शोकेसमध्ये मिरवायला जात नव्हतो. माझ्या बदल्यात एक किल्ली मिळणार होती आणि मुलींच्या डोक्यावर छप्पर येणार होतं.

सत्काराचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयात मुलं-मुली पांढऱ्या गणवेशात सकाळपासून सतरंजीवर मांडी घालून बसलेली. कार्यक्रम सकाळचा होता, प्रमुख पाहुणे दुपारी आले. केशवराव त्यांचं नाव. मोठं प्रस्थ! आणि मोठं प्रस्थ कधी एकटं येतं का? त्यांच्यामागे दुसऱ्या गाडीत माणसं, तिसऱ्या गाडीत माणसं. सगळे सरळ व्यासपीठावर. सूर्यभान सर हसत हसत “या, या, बसा न” म्हणत राहिले आणि कार्यकर्ते खुर्च्या आणत राहिले.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेजवर खुर्ची मिळाली म्हणजे शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह आलंच. एकाला दिलं आणि शेजारच्याला नाही, तर तो वर्षभर तोंड फिरवतो. झालं! आधी पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. ज्यांनी जन्मात कधी बुक्की आवळली नाही अशी माणसं कराटेच्या कार्यक्रमात शाली पांघरून घेऊ लागली. खाली पोरं भुकेने कळवळली होती. एका चिमुरड्याने तर मांडी घातल्या घातल्याच झोप काढली. आणि पाहुण्यांसाठी आणलेली सन्मानचिन्हं संपली. खुर्च्या मात्र संपेनात.

सूर्यभान सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मागे वळून कार्यकर्त्याला हळूच सांगितलं, “मांगच्या टेबलावरचे आन.”

मागच्या टेबलावर कोण होतं? आम्ही! मी, माझे भाऊबंद. प्रत्येकाच्या अंगावर कुणा ना कुणा प्रशिक्षकाचं नाव. कार्यकर्त्याने डोळे मिटून उचलल्यासारखं आमच्यातले हाताला लागले तेवढे उचलले. मी ओरडलो असतो हो, पण आम्हाला तोंड कुठे असतं! “यानंतर अकोल्याचे युवा नेते विपुलभाऊ यांचा सत्कार,” अशी घोषणा झाली आणि मी विपुलभाऊंच्या हातात गेलो. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, केशवरावांकडे बघितलं, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलं. माझ्याकडे तेवढं बघितलं नाही. इतकं ठसठशीत नाव कोरलंय, एकदा तरी वाच की लेका! छे. मला मांडीवर आडवं घातलं आणि मोबाइल काढला.

अखेर प्रशिक्षकांचे सत्कार सुरू झाले. तोवर केशवराव भाषण ठोकून निघून गेले होते. अर्धं सभागृह रिकामं. “रागिणी मेहरे, भातकुली!” अशी हाक आली. मागच्या रांगेतून एक सडपातळ बाई उठली. गणवेश इस्त्रीचा, पट्टा घट्ट बांधलेला. तिच्या शेजारी नवं लुगडं नेसलेली गोदाबाई आणि विद्यार्थिनी आकांक्षा. गोदाबाईने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं.

रागिणीबाई व्यासपीठावर आल्या. माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या. सूर्यभान सरांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं. मग फोटोवाला म्हणाला, “हातात काही पायजे न सर!” तेव्हा सरांनी काय केलं असेल? आधी ज्यांचा सत्कार झाला होता, त्या परतवाड्याच्या सरांच्या हातातला करंडक घेतला, रागिणीबाईंच्या हातात दिला, फोटो काढला, आणि त्या पायरी उतरायच्या आत काढूनही घेतला!

तेवढ्यात रागिणीबाईंची नजर विपुलभाऊंच्या मांडीवर गेली. मी उताणाच पडलो होतो. पट्टी वर. त्यांनी वाचलं. एकदा वाचलं, मग डोळे बारीक करून पुन्हा वाचलं.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “थे ट्रॉफी माह्या नावाची हाये.”

सूर्यभान सरांच्या कपाळावर घाम आला. “मॅडम, आता नोका बोलू. पाहुन्याच्या हातातून कशी घ्यावी? मी तुमाले नवी बनवून घरपोच पाठवतो न. माह्यावर भरोसा ठेवा.”

“मले आजच पायजे होती सर. शाळेत दाखवाची हाये.”

“फोटो हाये न! फोटो दाखवा.”

रागिणीबाईंनी एकदा विपुलभाऊंकडे बघितलं. ते कुणाला तरी हसरा चेहरा पाठवण्यात गुंग होते. त्या खाली उतरल्या. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नसला म्हणून काय झालं, बैठक तर आहे.

त्याच संध्याकाळी मी गाडीच्या डिकीत पडून अकोल्याला निघालो. माझ्या अंगावर सात-आठ नारळ गडगडत होते आणि तोंडावर कुणाचीशी शाल. भातकुली एकीकडे, मी भलतीकडेच.

विपुलभाऊंच्या ऑफिसात काचेचं कपाट होतं. तिथे माझ्यासारखे पुष्कळ उभे होते. एक सुंदर हस्ताक्षराचा होता, एक आदर्श मातेचा, एक गोपालनाचा. सगळे असेच डिकीतून आलेले. पहिले काही दिवस येणारा-जाणारा म्हणे, “वा भाऊ, कायचे कायचे सत्कार झाले तुमचे!” आणि भाऊ मान तुकवत. कौतुक ऐकून मला आणखीच चीड येई. नंतर तेही बंद झालं. धूळ साचली. एका पालीने माझ्या बैठकीमागे अंडी घातली. मी कुढत बसलो. इतका कुढलो की पालीचाही राग यायचा राहिला.

घरपोच पाठवायचा नवा करंडक? तो कुणी बनवलाच नाही. सूर्यभान सर विसरले नसतील, लाजले असतील. लाजलेला माणूस मग फोनही उचलत नाही.

पुढचं मला गोदाबाईच्या तोंडून कळलं. रागिणीबाई तो फोटो घेऊन शाळा समितीकडे गेल्या. पुंजारामजींनी फोटो मोबाइलवर बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, “मॅडम, ह्या ट्रॉफीवर तं दुसऱ्याचं नाव दिसून राहिलं.” सांगा आता! रागिणीबाईंनी सगळं खरं सांगितलं. खरं बोलणाऱ्याचं तोंड अशा वेळी लटक्या माणसासारखं होतं. समितीतले दोघं जण गालात हसले. किल्ली मिळाली नाही. आठ-पंधरा दिवसांत ओटे पाडले. मुली काही दिवस मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमल्या, पण काळी जमीन ओली झाली की पाय घोट्यापर्यंत आत जातो, तिथे लाथ काय मारणार! एक एक मुलगी गळाली. कुणाचं शिवणकाम सुरू झालं, कुणाचं लग्न ठरलं. एकटी आकांक्षा तेवढी स्वतःच्या छपरीत सराव करत राहिली.

वर्ष उलटलं. विपुलभाऊंना निवडणुकीचे वेध लागले आणि त्यांनी अकोल्यात ‘गुणवंत खेळाडू सत्कार’ ठेवला. ऑफिसातला माणूस म्हणाला, “भाऊ, ट्रॉफ्या आनाव्या लागतीन.” भाऊंनी कपाटाकडे हात केला. “एवढ्या काहून ठेवल्या मंग? स्टिकर मार अन् लाव ठिकाने.”

मला ओल्या फडक्याने पुसलं, पालीची अंडी झटकली आणि माझ्या पट्टीवर चकचकीत स्टिकर चिकटवला. त्याच्यावर हात जोडलेल्या विपुलभाऊंचा फोटो, खाली ‘विपुलभाऊ मित्रमंडळ, अकोला’, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘गुणवंत खेळाडू’. ज्या नावावर मी जीव धरून होतो, ते नाव गुदमरलं. मला तेव्हा खरोखर रडू आलं.

राज्य स्पर्धा अकोल्याला झाली होती, म्हणून तिथल्या विजेत्यांना बोलावणं होतं. भातकुलीहून आकांक्षा आली, तिच्यासोबत तिची आई. मी आकांक्षाच्या वाट्याला आलो! अहो, रस्ता चुकलेलं जनावर फिरत फिरत आपल्याच गोठ्याशी यावं, तसं मला झालं. निवेदक म्हणाला, “आकांक्षाच्या यशामागे आदरणीय विपुलभाऊंची प्रेरणा आहे.” आकांक्षाने माइककडे हात केला. “माह्या मॅडमचं नाव सांगाचं हाये,” ती म्हणाली. निवेदकाने माइक दुसऱ्या हातात घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

पोरगी घरी येईपर्यंत धुमसत होती. एसटीत मला पायाशी ठेवून ती आईला म्हणाली, “याच्यावर माह्यं नाव नाही, मॅडमचं नाव नाही. याचंच थोबाड काहून?” घरी पोचल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर नखाने विपुलभाऊंचा फोटो खरडायला घेतला. हात जोडलेले निघाले, हसरे दात निघाले, आणि खालून आलं ‘रागिणी’. मग चर्रकन सगळा स्टिकर ओढला.

“माय!” ती किंचाळली. “माय, हे मॅडमचीच हाये वं!”

मला कवेत घेऊन ती अनवाणी पळत सुटली. बाजाराचा दिवस होता. ओटे गेल्यापासून भाजीवाल्या आता रस्त्याच्या कडेला बसत. गोदाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी शिंपडत होती, रागिणीबाई वांगी मापत होत्या. आकांक्षाने मला वांग्यांच्या ढिगावरच उभं केलं.

रागिणीबाईंनी हात पदराला पुसले. माझ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता डोळ्यात पाणी येईल, मला छातीशी धरतील. इतक्या दिवसांची वाट पाहणं सार्थकी लागेल.

“फिरून आली काय ही?” त्या म्हणाल्या. “आता काय करू मी हिचं, बाई? पोरी कुठी हायेत शिकवाले?”

आणि गिऱ्हाइकाची वांगी पिशवीत टाकली. मित्रांनो, शिव्या खाल्ल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. कारण त्यांचं बरोबर होतं.

पण गोदाबाई! ती उठली, तराजू लेकीमागे धापा टाकत आलेल्या आकांक्षाच्या आईच्या हातात कोंबला, मला काखेत मारलं. “चाल,” सुनेला म्हणाली.

“आत्याबाई, राहू द्या न.”

“काय राहू द्या? नवं लुगडं नेसून गेल्ती मी थ्या दिवशी. रिकाम्या हातानं आलो आपुन. चाल म्हन्ते न!”

शाळा नुकतीच सुटत होती. पुंजारामजी शाळेच्या ऑफिसात बसले होते. गोदाबाईने मला त्यांच्या टेबलावर असं आपटलं की चहाचा कप हलला. “वाचा,” ती म्हणाली.

पुंजारामजींनी चष्मा लावला. वाचलं. दोनदा वाचलं. माझा जीव टांगणीला लागला होता. साऱ्या जन्मात पहिल्यांदाच कुणी अधिकारी माणूस मला नीट वाचत होता.

“नाव तं बरोबर हाये,” ते म्हणाले. “पन मॅडम, हे मांगच्या सालचं हाये. या सालचं काही असंन तं आना.”

मग गोदाबाईचा आवाज फुटला. “बाप्पा! अन् या सालचं आनलं तं म्हनसान, पुढच्या सालचं आना! तुमाले किल्ली द्याची नाही, तं तसं सांगा न सरळ! माह्या सुनेले काहून गावभर फिरवून राहिले?”

“काकू, नियम—”

“आत्याबाई, चाला,” रागिणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण मान लालबुंद झाली होती. त्यांनी मला टेबलावरून उचललंसुद्धा नाही. गोदाबाईनेच उचललं.

बाहेर आलो तर अंगणात, सभागृहाच्या कुलूपबंद दारासमोर, आकांक्षा उभी. अनवाणी, मुठी कमरेशी, नजर समोर. घरी जाणाऱ्या तीन-चार मुली दप्तरं घेऊन बघत थांबलेल्या.

“घरी जा न वं,” रागिणीबाई म्हणाल्या. “इथं कायले उभी?”

“मॅडम, कुलूप हॉलले हाये,” आकांक्षा म्हणाली. “आंगनाले कुठी हाये?”

रागिणीबाईंनी ऑफिसाच्या खिडकीकडे बघितलं. पुंजारामजी खिडकीत होते. मग रागिणीबाईंनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला. “पाय बरोबर ठेव. मांगचा पाय वाकून राहिला तुहा. वर्षभर कोनी पाह्यलं नाही म्हून असं झालं.” बघणाऱ्या मुलींकडे वळून म्हणाल्या, “तुमी तमाशा पाहाले आल्या काय? दप्तरं भिंतीशी ठेवा. रांगेत!”

मुलींनी दप्तरं ठेवली. गोदाबाईने मलाही त्या दप्तरांतच टेकवलं आणि ती खिडकीकडे तोंड करून जमिनीवर मांडी ठोकून बसली. जो येईल त्याला आधी तिच्याशी बोलावं लागेल, असा तिचा चेहरा होता.

त्या दिवसापासून वर्ग अंगणात भरतो. सभागृहाचं कुलूप अजून तसंच आहे. ऊन असलं की मुली भाजून निघतात, पाऊस आला की पळतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मी दप्तरांत असतो. माझा मुलामा उडाला, बाहुलीचा एक हात तुटला.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणीतरी रागिणी असेल. तिला शाल देऊ नका, नारळ देऊ नका, माझ्यासारखा करंडकही देऊ नका हवं तर. तिला काय हवंय ते विचारा आणि ते द्या. आज द्या. आमच्या अंगणात अजूनही रोज संध्याकाळी बारा मुली एका बंद दाराकडे तोंड करून लाथा मारतात, आणि आत पंखे, दिवे, फरशी सगळं रिकामं पडलेलं आहे.